शाळेच्या फळ्यावरचं हवामान

मे महिन्यात कोणी सहज विचारलं, "काय हो, उद्या पाऊसबिऊस येईल का?" तर मी उत्तर देत नाही. घरात यावरून माझी थट्टा चालते. नवरा म्हणतो, "बाहेर कुठे तरी विचारा, आमच्या घरचं हवामान खातं कधीच बंद पडलंय." मी कधी हसते, कधी चिडते. चिडणं माझ्या स्वभावातच आहे. पण उत्तर देत नाही, आणि का देत नाही ते मी त्यालाही आजवर नीट सांगितलेलं नाही.

दातिवऱ्याच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा बावीस वर्षांची होते. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. माझं माहेर मनोरच्याही पलीकडे, डोंगरात. पावसाच्या भरवशावरचा भाताचा तुकडा, उतारावर नागली, आणि दिवाळी झाली की अर्धं गाव वीटभट्ट्यांवर. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नेमणुकीचा कागद हातात घेऊन, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला नाही. सारखा आवाज. त्यात सगळ्या गावाला वाळत्या मासळीचा वास. पहिला आठवडा मी नाकाला पदर लावून शिकवलं. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून हसायची आणि मी त्यांना कोपऱ्यात उभं करायचे.

माझ्या खोलीला लागून एक काकी राहायची. नवरा बरीच वर्षं आधी समुद्रात गेलेला, मूलबाळ नाही. होड्या किनाऱ्याला लागल्या की ती टोपल्यांनी ओले बोंबील घ्यायची, वाळवायची, आणि पावसाळाभर सफाळ्याच्या बाजारात सुके बोंबील विकायची. शाळेच्या मागे मोठं मोकळं खळं होतं. तिथे सगळ्या बायकांच्या वलांड्या उभ्या असायच्या. वलांडी म्हणजे बांबूचे खांब आणि त्यांच्यामध्ये एकीवर एक ताणलेल्या दोऱ्या. बोंबील त्यावर नुसता टाकत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि ती जोडी दोरीवर सोडायची. बोंबलाचे दात बारीक पण वाईट. मी एकदा हौसेनं बसले तर दहा जोड्यांत माझी बोटं रक्तानं भरली. काकी माझ्याशी गप्पा मारता मारता, खाली न बघता, टोपली रिकामी करायची. त्या गावात तिच्याइतका चपळ हात दुसरा नव्हता आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

खळ्यावर एक रीत होती. आज हिच्या वलांडीवर सगळ्यांनी हात लावायचा, उद्या तिच्या. एकटीच्यानं ते काम उरकत नाही. मासळी तेवढा वेळ थांबत नाही. आणि ज्या बाईची पाळी असेल ती सकाळी सगळ्यांत आधी काकीच्या दारात यायची. "काकी, चला गो." काकी एकटी होती, पण त्या हाकेमुळे ती एकटी वाटायची नाही. मला तर तिचा हेवा वाटायचा, कारण मला हाक मारणारं तिथे कोणी नव्हतं.

माझा पहिला एप्रिल संपत आला होता. एका दुपारी मुलांना सोडून मी बाहेर आले आणि सवयीनं पूर्वेकडे पाहिलं. आमच्या डोंगरात उन्हाळ्याच्या शेवटी आभाळ कसं भरतं ते मी लहानपणापासून बघत आलेय. सकाळी काही नसतं. अकराच्या सुमाराला डोंगराच्या माथ्यावर पांढरे ढीग चढायला लागतात, एक-दोन वाजेपर्यंत त्यांचे बुडखे काळे होतात, आणि तीनला वारा सुटतो. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजायला, रचलेला पाला भिजू नये म्हणून माझा बाप तेवढ्या वेळात धावपळ करायचा. त्या दिवशी तसेच ढीग सफाळ्याच्या अंगाला चढलेले दिसत होते.

खळ्यावर मात्र कोणालाच त्याचं काही नव्हतं. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. या लोकांचं पोट समुद्रावर, त्यामुळे नजरही समुद्रावर. वारा, वादळ, पाऊस जे काय यायचं ते समुद्राकडून येणार, हे त्यांच्या हाडात बसलेलं. समुद्र तर आरशासारखा होता. मी जाऊन म्हटलं, "मासळी काढा, पाऊस येतोय." बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "बाय, डोंगरातून पाऊस येतं का कदी? डोंगरातून फक्त मास्तरीण येतं." मी लाल झाले. पण काकीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं, मग वळून डोंगराकडे पाहिलं, आणि आपली वलांडी उतरवायला लागली. तासाभरात पाऊस आला. काकीची मासळी तेवढी कोरडी राहिली.

त्या दिवसापासून मी गावाची झाले. नाकावरचा पदर तर कधी गळून पडला तेच कळलं नाही.

फळ्याची कल्पना माझी. शाळेच्या मागच्या भिंतीला, खळ्यासमोर, एक कोपरा उडालेला जुना फळा होता. माझ्याकडे भावानं दिलेला ट्रान्झिस्टर होता. संध्याकाळच्या बातम्यांनंतर हवामान सांगत. ते ऐकायचं, बाहेर येऊन पूर्वेचं आभाळ बघायचं, आणि उद्याची हवा फळ्यावर लिहायची. बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून खुणा ठरवल्या. खडूनं कोरा गोल काढला तर उघडीप, गोल भरून पांढरा केला तर पाऊस. भरलेला गोल दिसला की दुपारच्या आत मासळी आत. दोन उन्हाळे हा फळा चालला आणि त्यानं चारपाच वेळा तरी खळं वाचवलं. मे महिन्यात सुट्टी लागली तरी बायका मला गावी जाऊ देईनात. "होड्या वर ओढल्या की मंग जा." मीही थांबायचे. आईला कळवायचे की शाळेचं काम आहे. मनातून मला उकळ्या फुटत होत्या. माझ्यावाचून गावाचं अडतं, ही भावना फार गोड असते आणि ती चढते.

ती मला किती चढली होती ते सांगायलाच हवं. गावात पानाच्या टपरीवर एक रेडिओ होता. कधी कोणी म्हणे, "बाय, टपरीवर तर आयकलं पाऊस सांगितलंय, तुमचं गोल कोरं कसं?" मी मान वर करून सांगायचे, "रेडिओ सगळ्या कोकणाचं सांगतो. दातिवऱ्याचं मी सांगते." दोनदा तीनदा माझं खरं निघालं. मग विचारणं बंद झालं. काकी तर येईल त्याला ऐकवायची, "आमच्या बायला आभाल कलतंय."

तिसऱ्या उन्हाळ्यात, मेच्या मध्याला, भावाचं पत्र आलं. तो बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, सालवडला चाळीत राहायचा. त्याच्याच कारखान्यातला एक मुलगा मला बघायला येणार होता. ती माणसं सकाळी येणार, तू आदल्या दिवशी मुक्कामालाच ये, असं त्यानं लिहिलं होतं.

हे मी फक्त काकीला सांगितलं. निघायच्या दिवशी तिनं माझी वेणी घातली, कुठून तरी अबोलीचा गजरा आणला, आणि माझ्या पातळाला मासळीचा वास येतो का ते स्वतः हुंगून पाहिलं. "येतंय," ती म्हणाली, "पन तो घेईल समजून." मग ती खळ्यावर गेली. त्या आठवड्यात उधाण होतं. उधाणाला जाळी चांगली भरतात, आणि हे मोसमातलं शेवटचं चांगलं उधाण. खळ्यावर वलांडी न वलांडी भरलेली होती. काकीनं तर त्या वर्षी कधी नव्हे इतके बोंबील घेतले होते. ते वाळले की पावसाळ्याची तिला चिंता नव्हती.

एस.टी. चारला होती. हवामान संध्याकाळी सात-साडेसातला. मी फळ्यापाशी उभी राहिले. गेले दहा-बारा दिवस रेडिओ रोज एकच वाक्य बोलत होता, हवामान कोरडे राहील. पूर्वेला आभाळ स्वच्छ होतं. उद्या दुपारपर्यंत तर मी परत येणारच होते. फळा रिकामा ठेवला तर बायका विचारत बसणार, बाय कुठे गेली, का गेली, आणि सगळ्या गावाला कळणार की मला दाखवायला नेलंय. मी कोरा गोल काढला, खाली नेहमीच्या वळणदार अक्षरात उद्याचा वार लिहिला आणि गाडी पकडली. मनात काही टोचलं नाही असं नाही. पण इतकं बारीक टोचलं की गाडी सुटेपर्यंत मी ते विसरलेही होते.

सालवडच्या चाळीत संध्याकाळी गर्दी होती. पाळी संपवून आलेली माणसं नळावर हातपाय धूत होती, हिंदीत एकमेकांना हाका मारत होती. वहिनी मला उद्याचं पातळ दाखवत होती. भावाच्या खोलीत रेडिओ चालू होता. तो ऐकायची मला गरज नव्हती, पण तीन वर्षांची सवय. बातम्या संपल्या तसे माझे कान आपोआप तिकडे गेले. उत्तर कोकणात तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह, मेघगर्जनेसह पाऊस.

मी भावाला म्हटलं, "मला आत्ता परत जायला हवं."

"आता कशानं जाशील? दातिवऱ्याची शेवटची गाडी गेली असेल." मग माझं तोंड बघून तो म्हणाला, "अगं, तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे तरी. तेच ठिकाण तुझं असेल कशावरून?"

हेच वाक्य मी खळ्यावर कितीदा बोलले असेन. त्या संध्याकाळी त्यानं धीर आला नाही. मी ठरवलं, सकाळच्या पहिल्या शटलनं, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या आगगाडीनं, निघायचं. नऊ-साडेनऊपर्यंत दातिवरं. गोल भरायला, बायकांना सांगायला भरपूर वेळ.

सकाळी मी पिशवी भरून उभी राहिले तेव्हा वहिनी रडकुंडीला आली. "नऊला येताहेत ती माणसं. पोरगी सकाळीच निघून गेली असं सांगू का त्यांना? मासळी भिजेल म्हणून?" ती तसं म्हणाली तेव्हा ते मलाही वेडगळ वाटलं. त्या खोलीत, इस्त्रीचं पातळ नेसून, मासळी ही कारणं देण्याजोगी गोष्ट वाटेना. आणि लपवून काय उपयोग, मला तो मुलगा बघायचाही होता. मी पिशवी खाली ठेवली.

त्यांना यायला साडेदहा झाले. पोहे झाले, चहा झाला, त्याच्या आईनं माझं शिक्षण विचारलं, पगार विचारला. मी खिडकीसमोर बसले होते आणि खिडकी पूर्वेला होती. कारखान्यांच्या धुराड्यांमागे, लांब डोंगरावर, पांढरे ढीग चढत होते. मी एकेका घोटाबरोबर ते मोठे होताना बघत होते. शेवटी त्याच्या आईनं मुलाला खूण केली. तो खाकरून म्हणाला, "तुम्हाला मला काही विचारायचं असलं तर विचारा."

मी विचारलं, "सफाळ्याला जाणारी गाडी किती वाजता आहे?"

सगळे हसले. त्याला वाटलं पोरगी मोठी धीट आणि विनोदी आहे. त्या एका वाक्यावर त्यानं मला पसंत केलं, असं तो अजून लोकांना सांगतो. मीही ऐकत बसते.

गाडी बाराची होती, ती एकला आली. पालघरला उगाच थांबली. केळवे रोड सुटलं तेव्हा ढगांचे बुडखे काळे झाले होते आणि उन्हाला तो पिवळट रंग आला होता जो मला नीट ओळखीचा आहे. सफाळ्याला मी फलाटावरून धावत एस.टी. गाठली. गाडी भरली नव्हती म्हणून ड्रायव्हर विडी ओढत उभा होता. मी त्याच्यावर ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण तो घाबरून वर चढला. एडवणच्या अलीकडे मागून धूळ आली, गाडीच्या पुढे निघून गेली, आणि मग खिडक्यांवर पाणी आदळायला लागलं. आडवा पाऊस. रस्त्यात झाडाची फांदी पडली होती. ती चार माणसांनी उचलेपर्यंत मी गाडीत उभी होते. माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, तो कोरा गोल.

गावात पोहोचले तेव्हा पावसाचा जोर ओसरला होता, पण खळ्यात गुडघाभर पाणी होतं. उधाणाची भरती नेमकी तेव्हाच चढलेली. खाडी तुडुंब, त्यामुळे वरून आलेल्या नाल्याच्या पाण्याला उतरायला वाट नव्हती. ते खळ्यात फिरत होतं, आणि त्यावर बोंबील, टोपल्या, दोऱ्या तरंगत होत्या. निम्म्या वलांड्या आडव्या. बायका पाण्यात वाकून हाताला लागेल ते गोळा करत होत्या. अर्धवट वाळलेला बोंबील एकदा भिजला की उपयोगाचा राहत नाही, तरी गोळा करत होत्या. मी शाळेच्या भिंतीकडे पाहिलं. फळा स्वच्छ धुऊन निघाला होता. काळा कुळकुळीत. आणि हे लिहिताना आजही लाज वाटते, पण मला सगळ्यांत आधी सुटल्यासारखं वाटलं.

मग मला काकी दिसली. ती तिच्या वलांडीपाशी पाण्यातच बसली होती. वाऱ्यात मासळी उतरवताना खांब उपटून तिच्या उजव्या मनगटावर पडला होता. हात मनगटापासून भलत्याच बाजूला वळलेला. ती रडत नव्हती. मला बघून तिनं पहिलं काय विचारलं असेल?

"पोरगा कसा हाय गो?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी तिला उचललं, दोघींच्या मदतीनं घरी नेलं. दुसऱ्या दिवशी पालघरला नेऊन प्लास्टर घातलं. दीड महिन्यानं ते काढलं तेव्हा मनगट वाकडं बसलं होतं आणि दोन बोटं पूर्ण मिटत नव्हती.

गावानं मला एका शब्दानं काही विचारलं नाही. मी रोज वाट बघायचे की आता कोणी विचारेल, बाय, तुमचा गोल कोरा कसा? विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला बजावत होते. कोणी विचारलं नाही. बायका वाटेत भेटल्या की नेहमीसारखं हसायच्या, "जेवली का बाय" म्हणायच्या. मी समजले, वळवाचा पाऊस आहे, कोणाच्या हातात काय, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं असेल. भीतीनं मी पुढचे आठ दिवस रोज गोल भरला. आकाश कोरडं ठणठणीत. एकीनंही मासळी उतरवली नाही. फळ्याकडे कोणी बघतच नव्हतं. मोसम संपत आलाय, म्हणून असेल, अशी मी समजूत काढली.

पुढच्या वर्षी फळा मी काढून आत ठेवला. काकीला कोणी हाक मारायला यायचं नाही. खळ्यावर पाळ्या लागायच्या, बायका एकमेकींच्या दारात जायच्या, काकीच्या दारावरून पुढे जायच्या. तिच्या वलांडीवरही हात लावायला कोणी येत नसे. ती डाव्या हातानं एकेक जोडी अडकवत एकटीच बसायची; मी शाळा सुटल्यावर जाऊन बसायचे. बिचारीचा हातच गेला, आता कोण बोलावणार, असं मला वाटे, आणि त्या हाताकडे मला बघवत नसे. त्याच्या पुढल्या वर्षी तिनं वलांडी काढूनच टाकली. दुसऱ्यांकडून थोडे सुके बोंबील घेऊन ती बाजारात बसायला लागली. माझं लग्न झालं, बोईसरजवळ बदली झाली आणि मी निघाले. निघताना मी तिच्या पाया पडले. तेव्हाही बोलले नाही.

वर्षाकाठी एखादी फेरी व्हायची. मी साडी न्यायचे, औषधं न्यायचे, तिला तारापूरच्या बाजूला डोळ्यांच्या डॉक्टरकडेही एकदा नेऊन आणलं. माझा नवरा म्हणायचा, "सख्ख्या आईचंही लोक इतकं करत नाहीत." तो कौतुकानं म्हणायचा आणि मला ते चटकन लागायचं.

अशी बारा वर्षं गेली. नव्वद साल उलटून गेलं होतं, तोही मे महिनाच होता. काकी बरीच थकली होती. ओट्यावर बसून आम्ही दोघी चहा पीत होतो. समोर खळ्यावर बायका मासळी उतरवत होत्या, कारण आता घरोघरी टीव्ही होता आणि टीव्हीनं पाऊस सांगितला होता. मला एकदम सहन होईना. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. की त्या दिवशी मी रेडिओ ऐकलाच नव्हता. चारच्या गाडीआधी अंदाजानं गोल काढून निघाले. सालवडला ऐकलं, तरी सकाळी थांबले, पोहे खात बसले. की तुझा हात माझ्यामुळे गेला.

काकीच्या चहावर साय धरली.

मग म्हणाली, "मी आयकलं व्हतं."

मला कळेना. "काय ऐकलं होतंस?"

"टपरीवर. रेडिओनं सांगितलं व्हतं पाऊस. सगल्यांनीच आयकलं. सकाली बायका वलांड्या उतरवाया लागल्या व्हत्या. मीच आडवी गेले. बोलले, बायचा गोल कोरा हाय. बायला आभाल कलतं. कोनी हात लावू नका." तिनं कप बाजूला सारला. "माज्यावर इश्वास ठेवून थांबल्या गो त्या. सगल्यांचं मावरं गेलं."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. ती ते बघत होती. तिनं मान हलवली.

"हाताचं नाय. हात मोडला मनून का कोन हाक मारायचं सोडतं? त्यांनी माजं तोंड बघायचं सोडलं. तुला कोन काय बोलनार, तू शिकलेली, सरकारी मानूस. मी मनत व्हते, बायनं तर आभाल बघून लिवलं, आभालच फसलं, त्याला ती काय करील? मंग चूक कोनाची? माजीच. मीच तोंड घातलं मदी."

"काकी, चूक माझी होती," मी म्हटलं. "सगळी माझी."

"मला आता कललं ना," ती म्हणाली. तिचा राग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि तेव्हाही तो मोठ्यानं आला नाही. "तवाच सांगायचं व्हतं गो बाय. तुजी काय, बदली झाली असती. मला हितंच ऱ्हायाचं व्हतं."